पडला, उठला, निघाला. पण बरा आहे का?

जुलै महिन्यात फ्रान्समध्ये सायंकाळचे पाच-साडेपाच वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ-नऊ झालेले असतात. नेमक्या त्याच सुमारास ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचा त्या दिवसाचा टप्पा संपत आलेला असतो. ज्या घरांत सायकलीचे वेड शिरले आहे, तिथे जेवणाची वेळ आणि शर्यतीची वेळ एकच होऊन जाते. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’च्या रूपाने टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत आपल्या रस्त्यांवरही येऊन गेली. तेव्हा ताटावर बसून चालणाऱ्या या गप्पांत एका डॉक्टरने थोडा भाग घेतला, तर वाचकांना ते वावगे वाटू नये.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टूर १९०३ साली सुरू झाली तेव्हा तिचे अवघे सहा टप्पे होते. आज एकवीस टप्पे असतात. दोन विश्रांतीचे दिवस धरून ते तेवीस दिवसांत पार पाडायचे आणि सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापायचे. रोज लागलेल्या वेळेची बेरीज होत जाते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतले मोठे घाट बहुधा पुढे येतात; सुरुवातीचे बरेचसे टप्पे सपाट किंवा चढउताराचे असतात.

या पहिल्या चार-पाच दिवसांत रसिकांच्या तोंडी तीन निवाडे हमखास ऐकू येतात. पहिला, ‘अजून काही घडतच नाही.’ दुसरा, ‘अमुक एक मागे पडला, तो संपला.’ आणि तिसरा, ‘पडला, पण उठला, निघाला; म्हणजे ठीक आहे.’ पहिले दोन निवाडे चुकले तर कुणाचे काही बिघडत नाही. तिसरा मात्र आपण टीव्हीसमोरून उठताना सोबत घेऊन जातो आणि आपल्या अंगणातही लागू करतो. आजचा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

‘काही घडत नाही’ असे आपल्याला वाटते, कारण घडणारे डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्याच्या मागे राहून सायकल चालवली की वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि साधारण एक तृतीयांश श्रम वाचू शकतात. म्हणून सगळे जथ्यात राहतात. जथ्याच्या शेपटाला राहावे, तर पुढे कोणी पडले की अडकण्याची भीती. म्हणून सगळ्यांना पुढे यायचे असते. २०२५ साली लील शहरातून शर्यत निघाली तेव्हा १८४ सायकलपटू होते. इतक्या साऱ्यांना एका अरुंद रस्त्यावर एकाच वेळी पुढे कसे येता येईल? त्यात पाय ताजे, पिवळी जर्सी मिळवण्याची आशा अनेकांना आणि शेवटच्या काही शे मीटरमध्ये ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेग. बरे, हे सारे करताना भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला नव्वद ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक कर्बोदके पोटात जायला हवीत. आज खाण्यात झालेली कसूर आजच जाणवते असे नाही. पुढच्या आठवड्यात घाटात तिची वसुली होते.

दुसरा निवाडा काळाच्या ओघात वारंवार खोटा ठरला आहे. २०२५ च्या पहिल्याच टप्प्यात आडव्या वाऱ्याने जथा फुटला आणि प्रिमोझ रोग्लिच व रेमको एव्हनेपूल हे दोघे नामांकित ३९ सेकंदांनी मागे पडले. तेवीस दिवसांच्या शर्यतीत ३९ सेकंद म्हणजे पराभव नव्हे. तरीही पहिल्या दिवसांचे एक सत्य उरतेच. टूर पहिल्या आठवड्यात जिंकता येत नाही, गमावता मात्र येते. २०१४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता क्रिस फ्रूम चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात मिळून तीनदा पडला आणि घरी परतला. २०१७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या पावसात आलेहान्द्रो वाल्वेर्दे पहिल्याच दिवशी घसरला. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. २०२१ मध्ये तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका प्रेक्षक बाईने कॅमेऱ्याकडे तोंड करून पुठ्ठ्याचा फलक पुढे धरला, त्याला टोनी मार्टिन धडकला आणि त्याच्यामागे जथ्याचा मोठा भाग रस्त्यावर कोसळला. शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आपले कौतुक रस्त्याच्या बाहेरच राहिले पाहिजे.

आता तिसरा निवाडा. जथा कोसळतो, सायकलींचा ढीग होतो, आणि आपण पाहतो की एक-एक जण उठतो आहे, चाक तपासतो आहे, पुन्हा निघतो आहे. आपण म्हणतो, ‘वा, काय जिद्द आहे!’ जिद्द आहेच. पण सायकलच्या शर्यतीला मध्यंतर नसते आणि बदली खेळाडूही नसतो. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवता येतो. कन्कशन हा शब्द आपल्या घराघरांत आला तो तेव्हापासून. सायकलपटू मात्र थांबला की शर्यत पुढे निघून जाते. त्यामुळे तो उठतो, तो बरा आहे म्हणून नव्हे. शर्यत थांबत नाही म्हणून.

२०१७ मध्ये अमेरिकेतील ‘टूर ऑफ कॅलिफोर्निया’ शर्यतीच्या दुसऱ्याच टप्प्यात लाटव्हियाचा टॉम्स स्कुयिन्श उतारावर पडला. उठताना तो झोकांड्या खात मागून येणाऱ्या सायकलींच्या वाटेत गेला. तरी पुन्हा सायकलवर बसला आणि काही अंतर गेलाही. मग त्याला थांबवण्यात आले. त्याला कन्कशन झाले होते. २०११ च्या टूरमध्ये सातव्या टप्प्यात पडलेल्या क्रिस हॉर्नरने तर तो टप्पा पूर्ण केला. पण शेवटच्या रेषेपलीकडे आल्यावर, आपण टप्पा पुरा केला की नाही, हेच त्याला उमगत नव्हते. पाय चालत होते. मेंदू मात्र हजर नव्हता.

असे का होते? आपला मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके आपटले किंवा वेगाने हिसका बसला, की कवटी थांबते आणि मेंदू आतल्या आत हलतो, पिळला जातो. त्याचे कामकाज काही काळ विस्कळीत होते. यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेकांची हरपत नाही. सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो, कारण बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. शिवाय पडल्याबरोबर अ‍ॅड्रेनलिन उसळते आणि वेदना झाकून टाकते. म्हणून पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत माणूस ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच कळत नसते.

क्वचित याहून गंभीर घडते. कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये रक्तस्राव सुरू होतो. माणूस उठतो, बोलतो, घरी येतो, चहा घेतो. आणि काही तासांनी गुंगीत जातो. मधला हा बरा वाटणारा काळ डॉक्टरांना सर्वांत जास्त घाबरवतो.

दवाखान्यात सायकलवरून पडलेली मुले नेहमी येतात. आईवडील खरचटलेला गुडघा दाखवतात, कोपर दाखवतात, धनुर्वाताचे इंजेक्शन हवे का, असे विचारतात. डोके कुठे आपटले का, हे बहुधा आम्हालाच विचारावे लागते. तेव्हा पुढच्या गोष्टी घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात, अशी विनंती आहे.

पडलेल्याला लगेच सायकलवर बसवू नका. मान दुखत असेल, किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. तसे नसेल तर सावलीत बसवा आणि साधे प्रश्न विचारा: आज वार कोणता? कुठून निघालास? कसा पडलास? उत्तर अडखळले, तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारू लागला, चालताना तोल गेला, डोके दुखू लागले, मळमळले किंवा प्रकाश सहन होईनासा झाला, तर त्या दिवसापुरते सायकल चालवणे संपले असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायात अशक्तपणा, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर वेळ न दवडता, शक्यतो सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे, साठी ओलांडलेले आणि अगदी लहान मुले, यांच्याबाबत लक्षणांची वाट न पाहता सल्ला घ्यावा. वृद्धांमध्ये रक्तस्राव हळूहळू होतो. पडल्यानंतर काही आठवड्यांनी आजोबा विसरू लागले, चालताना अडखळू लागले, तर ते केवळ वयामुळे झाले असे गृहीत धरू नये.

पहिले २४ ते ४८ तास कोणीतरी सोबत असावे. ‘झोपू देऊ नका’ ही जुनी समजूत आहे. तपासणी झाल्यावर झोपायला हरकत नाही, पण डॉक्टरांनी सांगितले असेल तर मधूनमधून उठवून पाहावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, पडद्यासमोरचा वेळ कमी, मग हलके चालणे, मग अभ्यास, आणि पडण्याचा धोका असलेले खेळ सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच. पहिला धक्का पुरता निवळण्याआधी दुसरा बसला, तर तो फार महागात पडू शकतो.

हेल्मेटविषयीही दोन शब्द. मार्च २००३ मध्ये ‘पॅरिस-नीस’ या शर्यतीच्या दुसऱ्या टप्प्यात कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. दुसऱ्या दिवशी तो गेला, वय २९. त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. त्याआधी अशा सक्तीला सायकलपटूंनीच विरोध केला होता. हेल्मेट कवटी फुटण्याचा धोका पुष्कळ कमी करते. मेंदूला बसणारा हिसका मात्र ते पूर्णपणे टाळू शकत नाही. म्हणून ‘हेल्मेट होते ना’ हे तपासणी न करण्याचे कारण होऊ शकत नाही. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी बदलावे.

कुणी म्हणेल, इतकी काळजी घेतली तर जिद्द कशी येणार? तर ऐका. गुडघ्याची वाटी फुटलेला वाल्वेर्दे पुढच्याच वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी, जगज्जेता झाला. स्कुयिन्शने पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये घाटांच्या स्पर्धेतली ठिपक्यांची जर्सी काही दिवस मिरवली. रोग्लिच २०२१ च्या टूरमध्ये तिसऱ्या टप्प्यात पडला, काही दिवस रेटून पाहिले आणि नवव्या टप्प्याआधी माघारी गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. योग्य वेळी थांबणारे संपले नाहीत, सावरून परतले.

त्यांना थांबायला सांगण्यासाठी डॉक्टर, नियम आणि मागे चालणाऱ्या गाड्या असतात. आपल्या मुलाला थांबवणारे फक्त आपणच असतो. आणि आपल्यामागे कोणतीही शर्यत धावत नसते. तेव्हा पुढच्या वेळी सोसायटीच्या उतारावर कोणी पडले, तर ‘काही नाही झाले, ऊठ’ असे म्हणण्याआधी त्याच्याजवळ खाली बसा आणि आज वार कोणता, ते विचारा.