‘विक्रांत’ गेली, ‘कुरसुरा’ राहिली

आळंदीहून चाकणकडे किंवा पिंपरी-चिंचवडकडे जाताना शेजारून गेलेल्या एखाद्या मोटारसायकलच्या टाकीत युद्धनौकेचे पोलाद असू शकेल, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? पण ही गोष्ट खरी आहे. आपल्याच भागात, आकुर्डीला मुख्य कचेरी असलेल्या बजाज ऑटो या कंपनीने २०१६ साली ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. तिच्या पेट्रोलच्या टाकीसाठी ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाचे वितळवलेले पोलाद वापरल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

ज्या जहाजाने १९७१ चे युद्ध गाजवले, त्याच्यावर भंगारात जाण्याची वेळ का आली? आणि त्याच युद्धात गस्त घातलेली ‘कुरसुरा’ ही पाणबुडी मात्र विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आजही कशी उभी आहे? या प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत तशीच ती पदार्थविज्ञानात आणि रसायनशास्त्रातही आहेत.

दोन नौकांची हकिकत

‘विक्रांत’चा सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, इंग्लंडमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने उभारायला घेतला गेला. जहाज १९४५ मध्ये पाण्यात सोडले. पण युद्ध संपल्याने ते अपुरेच राहिले. १९५७ साली भारताने ते विकत घेतले, बेलफास्टच्या गोदीत पुरे करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी ते आपल्या नौदलात दाखल झाले. डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव या बंदरांवर हल्ले केले. तिच्याच शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ही ‘गाझी’ देखील मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने बांधलेली होती.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागली. पण तिची कायमची व्यवस्था लावण्यासाठी लागणारा पैसा आणि भागीदार काही मिळेनात. २०१२ मध्ये ती प्रेक्षकांना धोक्याची ठरून बंद झाली. २०१४ च्या लिलावात तिला सुमारे ६० कोटी रुपयांची बोली आली. तिला वाचवण्यासाठी लोक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. पण उपयोग झाला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईतच ती तोडायला सुरुवात झाली.

आता ‘कुरसुरा’ पाहा. ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी डिसेंबर १९६९ मध्ये आपल्या नौदलात आली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. लांबी सुमारे ९१ मीटर, वजन जवळजवळ दोन हजार टन. तिला समुद्रातून ओढून किनाऱ्यावर आणले, काँक्रीटच्या पायावर बसवले आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिचे संग्रहालय झाले. एक पाण्यात राहिली, दुसरी जमिनीवर आली. हा फरक लक्षात ठेवा.

गंज म्हणजे एक छोटा विद्युतघट

लोखंड गंजते हे तुम्हाला माहीत आहेच. देशावरच्या घराचे पत्रे जितकी वर्षे टिकतात तितकी कोकणातल्या किनाऱ्यावरचे टिकत नाहीत, हेही तुम्ही ऐकले असेल. याचे कारण काय?

ओल्या लोखंडावर एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांना स्वीकारतो. म्हणजे पत्र्याच्या एकाच तुकड्यावर धनाग्र आणि ऋणाग्र दोन्ही तयार होतात आणि वीज वाहू लागते. हे मंडल पुरे व्हायला पाण्यातूनही विद्युत्भार वाहावा लागतो. शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक असते. पण समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते विजेचे चांगले वाहक होते आणि गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते.

जहाजाचा सर्वांत नाजूक भाग तळ नसून पाण्याच्या पातळीलगतचा पट्टा असतो. तेथे लाटा आपटतात, पत्रा ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. क्षार आणि प्राणवायू दोन्ही भरपूर! म्हणून तरंगत्या जहाजाला ठरावीक काळाने कोरड्या गोदीत घेऊन, खरवडून, रंगवून काढावेच लागते. शिवाय तळाला जस्ताच्या वड्या बसवतात. लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन लवकर सोडते. म्हणून आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. काही वर्षांनी या वड्याही बदलाव्या लागतात. ‘विक्रांत’सारख्या २०० मीटरहून लांब जहाजासाठी हा खर्च किती मोठा असेल, याची कल्पना करा. आणि तो एकदाचा नसतो, जन्मभराचा असतो.

आवाजाने मोजलेली जाडी

पत्रा किती झिजला हे रंगावरून कळत नाही. मग भोक न पाडता त्याची जाडी मोजायची कशी? त्यासाठी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या ध्वनीचा स्पंद पत्र्यात सोडतात. तो मागच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन परत येतो. पोलादात या ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. पत्रा १२ मिलिमीटर जाड असेल तर जाऊन-येऊन २४ मिलिमीटर अंतर कापायला सुमारे ४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ४ दशलक्षांश, लागतात. स्पंद ३ मायक्रोसेकंदांतच परतला तर जाडी उरली ९ मिलिमीटर. गणित तुम्हीच करून पाहा. जहाज सुरक्षित आहे की नाही, हे असे ठरते.

जमिनीवर आणले की झाले?

मुळीच नाही. पाण्यात जहाजाचे वजन प्लावक बल सर्व बाजूंनी पेलते. जमिनीवर तेच वजन थोड्याशा आधारांवर येते. आधार चुकीच्या जागी असेल तर सांगाडा वाकतो. पाणबुडीचे एक बरे असते. सुमारे २५० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला २५० टनांच्या आसपास असतो. तो सोसण्यासाठी तिचे आतले कवच जाड पोलादाचे केलेले असते. पण तिचे बाहेरचे आवरण पातळ असते आणि खाऱ्या वाऱ्यात ते आधी गंजते.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. प्रेक्षकांच्या श्वासातून बाहेर पडणारी वाफही थंड पत्र्यावर दव होऊन साचते. म्हणून आतली हवा कोरडी ठेवावी लागते. जर्मनीची ‘यू-५०५’ ही पाणबुडी अमेरिकेने जून १९४४ मध्ये पकडली. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात १९५४ पासून ती उघड्यावर होती. पन्नास वर्षांच्या ऊन-पावसाने आणि बर्फाने ती इतकी खराब झाली, की २००४ मध्ये तिला हलवून खास बांधलेल्या भूमिगत दालनात ठेवावे लागले.

याहून बोधप्रद गोष्ट ‘हॉलंड-१’ची. ब्रिटिश नौदलाची ही पहिली पाणबुडी १९१३ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली गेली. गंजरोधक द्रव्ये लावून ती प्रदर्शनात मांडली. पण दहाएक वर्षांतच ती पुन्हा गंजताना दिसली. कारण क्लोराइड धातूच्या आत खोलवर मुरलेले होते. अखेर १९९५ पासून तिला सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, द्रावणाच्या प्रचंड टाकीत बुडवून ठेवले. त्या द्रावणात क्लोराइड हळूहळू बाहेर निघून आले. या कामाला सुमारे चार वर्षे लागली. त्यानंतर २००१ मध्ये नियंत्रित हवेच्या नव्या इमारतीत तिला जागा मिळाली.

करून पाहा

चार परीक्षानळ्या आणि चार स्वच्छ खिळे घ्या. पहिल्या नळीत उकळून थंड केलेले पाणी घालून वर तेलाचा थर द्या. दुसरीत साधे पाणी, तिसरीत आणि चौथीत मिठाचे पाणी घाला. चौथ्या खिळ्याला मात्र जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. (जुन्या साध्या सेलचे कवच जस्ताचे असते, पण ते स्वतः फोडू नका, शिक्षकांकडून प्रयोगशाळेतली पट्टी घ्या.) आठवडाभर रोज निरीक्षण करून नोंदी ठेवा. ‘विक्रांत’ची अडचण आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही तुम्हाला या चार नळ्यांत दिसतील.

निर्णय कोणाचा?

जहाज जपावे की मोडावे, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. घोषणा करणे सोपे. पण पत्रे दर वर्षी गंजतात आणि रंगाचे पैसेही दर वर्षी लागतात. नौका निवृत्त होण्याआधीच तिची जागा, आधार, छप्पर आणि कायमचा निधी ठरवला गेला, तरच ती टिकते. ‘विक्रांत’च्या बाबतीत सतरा वर्षे हा निर्णय लांबत राहिला, गंज मात्र एक दिवसही थांबला नाही.

वितळवलेल्या पोलादाचे दुसरे काहीतरी होते, हे खरे. पण ज्या धावपट्टीवरून विमाने उडाली तिच्यावर उभे राहून, एवढ्याशा अंतरात विमान आकाशात कसे झेपावत असेल, असा प्रश्न एखाद्या मुलाला पडतो. तो टाकीकडे पाहून पडत नाही. तुमच्यापैकीच कोणी उद्या धातुशास्त्रज्ञ, अभियंते, अधिकारी होतील. नव्या ‘विक्रांत’ने २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला सेवा सुरू केली आहे. एक दिवस तीही म्हातारी होईल. तेव्हा काय करायचे याचा हिशेब मांडायला तुम्ही आतापासूनच शिकून ठेवा.