नौकेच्या तळाचा रंग

शिडाची नौका बंदरांत उभी असतां पाहणाराच्या नजरेंत भरते ती तिची डोलकाठी, तिचीं शुभ्र शिडें आणि तिची चकचकीत बाजू. परंतु दूरच्या सफरीस निघणाऱ्या नौकेचें भवितव्य पुष्कळ अंशीं पाण्याखालच्या, न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असतें. त्या भागास कोणता रंग द्यावा हा प्रश्न शोभेचा नाहीं. तो वेगाचा, खर्चाचा आणि शेजारधर्माचाहि आहे.

समुद्रांत कोणतीहि वस्तु बुडवून ठेवली कीं कांहीं तासांतच तिच्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यामागून शेवाळ येतें, आणि अखेर बार्नॅकलसारखे कवचधारी प्राणी बिऱ्हाड करतात. बार्नॅकल दिसावयास शिंपल्यासारखा, पण कुळानें कोळंबीचा सोयरा. बाल्यावस्थेंत तो पोहत हिंडतो. एकदां जागा पसंत पडली कीं डोकें तेथें चिकटवून जन्मभर हलत नाहीं. असे पाहुणे जमले कीं तळ खरखरीत होतो, पाण्याचें घर्षण वाढतें आणि वेग घटतो. २०२२ सालीं सुरू झालेल्या ज्या गोल्डन ग्लोब पृथ्वीप्रदक्षिणेंत भारताच्या अभिलाष टॉमी यांनीं दुसरा क्रमांक मिळविला, तींत कित्येक नौका या क्षुद्र प्राण्यांनींच मंदावल्या होत्या.

या उपद्रवावर माणसानें फार पूर्वींपासून उपाय योजिले आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील कारागीर लांकडी तारवांच्या तळास चुना व तेल यांचा लेप देत. इंग्रजांच्या आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. तांबें खाऱ्या पाण्यांत अगदीं सावकाश विरघळतें आणि लहान जलचरांस विषासारखें बाधतें. त्यामुळें तळ स्वच्छ राहिला. पण लगतचे लोखंडी खिळे मात्र झपाट्यानें गंजले. कारण दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस भिडले कीं विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यांतील दुबळा धातु खाल्ला जातो. हा धडा आजहि उपयोगी आहे. आजच्या बहुतेक रंगांतील मुख्य विष तांब्याचेंच असतें. लांकडाच्या अगर फायबरच्या तळास तें चालतें. पोलादी तळास आधीं इपॉक्सीच्या अस्तराचे पुरेसे हात द्यावे लागतात. ॲल्युमिनियमच्या तळास तर क्युप्रस ऑक्साइडचा नेहमींचा रंग कधींहि लावूं नये. त्या धातूसाठीं मुद्दाम बनविलेलाच घ्यावा.

विष कोणतें याहून तें बाहेर कसें पडतें, हें अधिक महत्त्वाचें आहे. या दृष्टीनें रंगांच्या मुख्यतः तीन जाती होतात. पहिली कठीण रंगाची. यांत टणक राळेंत तांब्याची पूड गच्च भरलेली असते. पाणी ती हळूहळू नेतें आणि रिकामी राळ जागच्या जागीं राहते. हा रंग घासून धुतां येतो, आणि वेगवान नौकेस किंवा ओहोटीस जमिनीवर टेकणाऱ्या नौकेस तो मानवतो. पण वर्षानुवर्षें हात चढवीत गेल्यास थर सांचतात, आणि नौका महिनोन् महिने कोरडी राहिल्यास यांतील पुष्कळ रंगांचा जोर ओसरतो. दुसरी जात झिजणाऱ्या रंगाची. साबणाच्या वडीप्रमाणें याचा वरचा थर झिजतो आणि खालून ताजें विष उघडें पडतें. थर सांचत नाहींत, कोरडें राहिल्यानें फारसें बिघडत नाहीं. मात्र नीट झिजण्यास नौका चालती असावी लागते. तिसरी जात सिलिकोनच्या निसरड्या लेपाची. यांतील पुष्कळांत विष मुळींच नसतें. प्राणी बसतो, पण नौका वेगानें निघाली कीं घसरून पडतो. हा लेप महाग, ओरखड्यास नाजूक, आणि बहुतेक काळ नांगरून राहणाऱ्या मंद नौकेस थोडाच उपयोगी.

उदाहरणार्थ, मुंबईची एखादी नौका घ्यावी. गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरणाऱ्या शिडाच्या नौका सामान्यतः पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढून घेतात. म्हणजे पाणी उबदार असल्यानें जीवांची वाढ भरपूर, आणि शिवाय वर्षांतील कांहीं महिने तळ कोरडा. अशा नौकेस, ती अधूनमधून चालविली जात असेल तर, झिजणारा रंग सोयीचा. त्याचा पहिला हात एका छटेचा व वरचे दोन हात दुसऱ्या छटेचे द्यावे. खालची छटा डोकावूं लागली कीं पुन्हां रंगविण्याची वेळ आली असें समजावें. जलरेषेजवळ व सुकाणूच्या कडेस झीज अधिक होते, म्हणून तेथें एक हात जास्त द्यावा. झिजणाऱ्या जुन्या रंगावर कठीण रंग चढवूं नये. तो पापुद्र्यांनीं सुटतो. गंज स्वतःवर ओढून घेणाऱ्या जस्ताच्या वड्या मात्र कोऱ्याच ठेवाव्या, कारण रंग लागला कीं त्यांचें काम थांबतें.

एवढ्यानें निवड पुरी होत नाहीं. तळावरून सुटलेलें विष कोठें तरी जातच असतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ट्रायब्यूटिल टिन या कथिलाच्या संयुगाचे रंग जगभर पसरले, आणि गुणांत ते अत्यंत प्रभावी होते. परंतु फ्रान्समधील आर्काशों उपसागरांत कालवांचीं कवचें वेडींवांकडीं, जाड होऊं लागलीं आणि पिलें जगेनात. समुद्रांतील कांहीं गोगलगाईंच्या माद्यांत नराचीं इंद्रियें उगवलीं व त्यांची प्रजा खुंटली. फ्रान्सनें १९८२ सालीं २५ मीटरांहून लहान नौकांस असला रंग लावण्यास बंदी केली. पुढें आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २००१ सालचा करार २००८ च्या सप्टेंबरांत अमलांत आला आणि बंदी मोठ्या जहाजांपर्यंत पोंचली. तांबेंहि अगदीं निरुपद्रवी नाहीं. बंदिस्त गोदींत नौकांची दाटी झाली कीं पाण्यांतील त्याचें प्रमाण चढतें.

यास्तव जो रंग सर्वांत जहाल तोच उत्तम, ही समजूत सोडावयास हवी. नौका कशाची बनविलेली, ती किती चालते, किती काळ कोरडी असते आणि कोणत्या पाण्यांत उभी राहते, या चार प्रश्नांचीं उत्तरें आधीं शोधावीं, आणि मगच डबा उघडावा. जुना रंग काढतांना तळ ओला ठेवावा, नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधावा, आणि खालीं ताडपत्री पसरून सारा चुरा गोळा करावा. तो समुद्रांत लोटूं नये. कोंकणांत ओहोटीच्या वेळीं खडकांवरचीं कालवें फोडून संसारास हातभार लावणाऱ्या बायका ज्या पाण्याच्या आश्रयानें राहतात, तेंच पाणी नौकेच्या तळास लागलेलें असतें. तळ स्वच्छ राहण्यास जेवढें विष पुरेसें, त्याहून अधिक त्या पाण्यांत सोडण्याचा अधिकार कोणाहि नाविकास नाहीं.