वाफेचा हिशेब

गेल्या गणपतीतली गोष्ट. बाहेर आरतीची तयारी, आत माझी नैवेद्याची घाई. मोदक शिजले का बघावं म्हणून मोदकपात्राचं झाकण स्वत:च्या बाजूनेच उचललं आणि वाफेचा भपकारा थेट मनगटावर! सासूबाई टूथपेस्ट आणायला धावल्या. दहावीतल्या लेकीने मात्र मला ओढतच बेसिनपाशी नेलं.

"आई, आधी बांगड्या काढ, सूज आली की निघायच्या नाहीत. आणि हात २० मिनिटं नळाखालीच. टूथपेस्ट नको, बर्फही नको."

"अगं, नुसती वाफ तर लागलीय. उकळतं पाणी थोडंच सांडलंय?"

"वाफ जास्त भाजते. अप्रकट उष्मा विसरलीस?"

विसरले कुठे होते? शाळेत '५४० कॅलरी प्रति ग्रॅम' लिहून पूर्ण मार्क मिळवले होते की! फक्त तो आकडा स्वयंपाकघरापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

पाणी उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, साध्या पातेल्यात ते १०० अंशांच्या आसपासच राहतं. मग वरची उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. तापमापकाला ती दिसत नाही, म्हणून अप्रकट. पण हीच वाफ गार वस्तूला लागून पुन्हा पाणी झाली, की घेतलेलं सगळं परत करते. १ ग्रॅम उकळतं पाणी आपल्या अंगाइतकं, म्हणजे ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देतं. वाफ आधी ५४० देते आणि वर या ६३! जवळजवळ दहापट.

मोदक शिजतात तेही याच हिशेबावर. पाण्यात न बुडवताही पारी शिजते, कारण गार पारीवर वाफेचं पाणी होतं आणि उष्णता तिला मिळते. मोदक कोणता आणि मनगट कोणतं, वाफेला काय कळणार?

मला दोन फोड आले, डॉक्टरांना दाखवावं लागलं. नैवेद्य लेकीने वाढला.

तेव्हापासून गॅस बंद करून मिनिटभर थांबते, मग झाकण पलीकडच्या बाजूने उचलते. परवा इडल्या करताना घाईत विसरणारच होते, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, पलीकडून! पाचशे चाळीस आहेत त्यात!"