आमच्यासारख्यांनी कॅमेरा घ्यावा का?

हल्ली बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कॅमेरा असतोच. मग वेगळा कॅमेरा हवा कशाला, असे कोणीही विचारील. ज्या घरात कांद्याची पट्टी हातात आल्यावर कॉलेजची फी भरली जाते, त्या घरात तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दिवाळीच्या सुटीत आमच्या गावच्या फोटोवाल्या काकांनी आपला जुना कॅनन १५००डी मला पंधरा दिवस वापरायला दिला. त्या अनुभवावरून उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आतल्या आरशावरून वर डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो व प्रकाश सेन्सरवर पडतो. पूर्वी जेथे फिल्म असे, तेथे आता हा सेन्सर असतो. २०१८ साली नवशिक्यांसाठी आलेल्या या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे साध्या मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कित्येक पट मोठा आहे. चित्रात ६००० × ४००० ठिपके असतात. इंचाला ३०० ठिपके धरले तरी वीस इंच रुंदीचा फोटो स्वच्छ छापता येतो. घरच्या भिंतीला याहून अधिक काय हवे?

सोबतचे भिंग १८ ते ५५ मिलिमीटरचे होते. नगरजवळच्या डोंगरावरील चांदबिबीचा महाल (खरे पाहता ती सलाबतखानाची कबर) १८ च्या टोकावर डोंगरासह सहज मावला. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात मात्र ५५ च्या टोकावरही काळवीट ठिपक्याएवढे दिसले. त्यासाठी लांब पल्ल्याचे वेगळे भिंग लागते. रोजच्या कामाला त्याची गरज नाही.

खरी परीक्षा घरात झाली. माझ्या आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आजीचा आहे तो आधार कार्डावरचा. म्हणून चुलीपुढे बसलेल्या आजीचा फोटो घ्यायचे ठरवले. त्या अंधारात आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागला आणि चेहऱ्यावर वाळू शिंपडल्यासारखे दाणे आले. मग आजीला दाराशी बसवले. तेथे आयएसओ ४०० वर तिच्या कपाळावरचे गोंदण अन् सुरकुती न् सुरकुती स्पष्ट उमटली. कॅमेरा तोच, भिंग तेच. बदलला तो फक्त उजेड, आणि त्याला पैसे पडत नाहीत. अंधारातच काम असेल तर ५० मिलिमीटरचे, एफ १.८ चे भिंग घ्यावे. त्या पल्ल्यावर ते सोबतच्या भिंगाच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते.

मोबाइलवर अन्याय करू नये. तो एका दमात अनेक चित्रे घेऊन ती जुळवतो, त्यामुळे अंधारातले स्थिर दृश्य पुष्कळदा चांगले दाखवतो. नोट्सचे फोटो काढणे, ते लगेच पाठवणे, यासाठी तोच बरा. पण छापून जपायचे फोटो काढायचे असतील, प्रकाश आणि वेग आपल्या हाताने जुळवायला शिकायचे असेल, तर साधा डीएसएलआर पुरेसा आहे.

तो नवाच हवा असे नाही. कंपन्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहे; त्यामुळे वापरलेले डीएसएलआर बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. घेताना भिंग उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना, हे पाहावे. बॅटरी किती टिकते तेही तपासावे.

तरीही कर्ज काढून कॅमेरा घ्यावा, असे मी म्हणणार नाही. ग्रंथालयातून जसे पुस्तक आठवडाभर घरी नेता येते, तसा एक कॅमेरा कॉलेजने विद्यार्थ्यांसाठी ठेवावा, असे सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांचा धड फोटो नसेल. तो काढायला एक आठवडा पुरे आहे, आणि ते काम पुढे ढकलण्यासारखे नाही.