दाब उतरला की मोटार का जळते?

राहुरी तालुक्यातील एका बागायतदार वाचकाचा प्रश्न असा : ओहमच्या नियमाप्रमाणे दाब घटला की प्रवाहही घटावयास हवा, मग 'व्होल्टेजच नाही' अशी ओरड असते नेमक्या त्याच वेळी विहिरीवरच्या मोटारीचे वायंडिंग का जळते?

अकोले तालुक्यातील घाटघरास, सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी सुमारे चारशे मीटर खाली कोकणात उतरवून 250 मेगावॉट वीज निर्माण करणारे आणि मागणी ओसरली की तेच पाणी पुन्हा वर चढविणारे केंद्र आहे. तेथील शक्ती ही उंची आणि वाहते पाणी यांच्या गुणाकारावर ठरते; उंची निम्मी असती, तर तितक्याच विजेसाठी दुप्पट पाणी सोडावे लागते. विद्युतदाब म्हणजे ती उंची आणि प्रवाह म्हणजे ते पाणी.

दिव्याचे काम हट्टाचे नसते, दाब उतरला की तो मंद होतो. मोटारीला मात्र विहिरीचे पाणी तितकेच वर चढवावयाचे असते. फिरणारी मोटार पुरवठ्याला विरोध करणारा दाब स्वतःही निर्माण करते; ती जराशी मंदावली की हा विरोध ढिला पडतो आणि प्रवाह वाढतो. 415 व्होल्टवर साडेसात अँपिअर घेणारी पाच अश्वशक्तीची मोटार 320 व्होल्टवर दहाच्या आसपास घेते; उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि तारेवरचे इनॅमल ती फार काळ सोसत नाही.

यात ओहमचा नियम मोडत नाही; पुरवठ्याच्या दाबातून मोटारीचा विरोध वजा जाता जो उरतो तोच वायंडिंगवर पडतो, आणि विरोध ढिला पडला की तो वाढतो. कोलोनच्या शाळेतील या शिक्षकाने, बॅटरीचा दाब स्थिर राहीना म्हणून, एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवलेले तांबे-बिस्मथचे तापयुग्म वापरले आणि 1827 साली ग्रंथ प्रसिद्ध केला; स्वदेशात त्याची उपेक्षा झाली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक 1841 साली मिळाले. स्थिर दाबासाठी त्याने घेतलेले ते कष्ट पाठ्यपुस्तकांनी गाळावेत, याचे मला फार वाईट वाटते.

डीपीपासून शेवटच्या पोलापर्यंतची तारही हाच नियम पाळते : प्रवाह जितका मोठा, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. वीज येताच ऑटो स्विचने साऱ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहापट असतो. 11 हजार व्होल्टची वाहिनी शेताजवळ आणून तेथेच लहान रोहित्र बसविले, तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सुमारे सव्विसावा हिस्सा होतो आणि तितक्याच तारेतील नासाडी सातशेव्या हिश्श्यावर येते. ती तजवीज होईपर्यंत तारेतील प्रवाह कमी व्हावा म्हणून मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर लावावा आणि शेजाऱ्यांनी आपापसांत पाळी ठरवून मोटारी काही मिनिटांच्या अंतराने चालू कराव्यात.