घरी संगणक नसला तरी छायाचित्रे जपता येतात

एके काळी घरातील छायाचित्रांचा ठावठिकाणा लहानथोरांना ठाऊक असे. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात जाड पुठ्ठ्याचा आल्बम, त्यात आजी-आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र, मुलांच्या बाप्तिस्म्याची व प्रथम कम्युनियनची चार-दोन रंगीत छायाचित्रे आणि मागच्या बाजूला पेनने लिहिलेली तारीख. पाहुणे आले की आल्बम निघे आणि तो पाहता पाहता तीन पिढ्यांच्या आठवणी निघत. आज एकाच लग्नसमारंभात त्याहून शेकडो पटींनी अधिक छायाचित्रे काढली जातात. मात्र वर्षभराने त्यांतील एखादे हवे झाले, तर ते कोणाच्या मोबाइलमध्ये आहे याचा शोध घ्यावा लागतो.

‘आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून फोटो मोबाइलमध्येच राहिले,’ हे वाक्य आमच्या कानांवर वारंवार पडते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेली आहेत, घरात वडीलधारी माणसे, एक टीव्ही आणि एक-दोन मोबाइल आहेत, अशा कुटुंबांची ही अडचण खरी आहे. परंतु छायाचित्रे साठविण्यासाठी व पाहण्यासाठी संगणक अनिवार्य आहे, ही समजूत चुकीची आहे. टीव्ही, पेन ड्राइव्ह आणि थोडी शिस्त एवढ्यावर हे काम उत्तम होते. ते कसे, हे येथे क्रमाने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पहिले डिजिटल छायाचित्र टीव्हीवरच पाहिले गेले

अमेरिकेतील कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. एक कृष्णधवल छायाचित्र टेपच्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत आणि त्या छायाचित्रात अवघे दहा हजार बिंदू असत. ते पाहण्यासाठी कॅसेट एका खास यंत्रात घालून ते यंत्र टीव्हीला जोडले जाई. घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा आज आपण आपली छायाचित्रे टीव्हीवर पाहू लागलो, तर ती काही कमी प्रतीची सोय ठरत नाही.

छायाचित्र कोठे असते?

मोबाइल वा कॅमेरा प्रत्येक छायाचित्राची एक फाइल बनवितो. ती बहुधा ‘जेपेग’ या प्रकारची असते. १९९२ पासून प्रचलित असलेला हा प्रकार टीव्ही, छपाईचे दुकान, डिजिटल फोटोफ्रेम अशा सर्व ठिकाणी ओळखला जातो. कॅमेऱ्याच्या कार्डावर आणि बहुतेक मोबाइलमध्ये या फायली ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. हे नाव लक्षात ठेवावे. घरातील मूळ छायाचित्रांचा पत्ता तोच आहे.

‘मूळ’ या शब्दावर आम्ही मुद्दाम भर देत आहोत. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र मूळ नसते. पाठविताना ते आकाराने लहान केलेले असते आणि त्यातील बारकावे कायमचे गळून पडतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हा फरक जाणवत नाही. परंतु घरात एखाद्याचे निधन होते, अंत्यविधीसाठी व भिंतीवर लावण्यासाठी मोठे छायाचित्र हवे असते, आणि हाती असते ते चार जणांकडून फिरून आलेले धूसर चित्र! छपाईवाला त्यात फारसे काही करू शकत नाही. चार इंच बाय सहा इंचांच्या छपाईस सुमारे वीस लाख बिंदू पुरतात, म्हणजे जुन्या साध्या कॅमेऱ्याचे छायाचित्रही चालते. बारा इंच बाय अठरा इंचांच्या, भिंतीवर लावायच्या छायाचित्राला मात्र निदान पन्नास लाख बिंदू असलेले बरे. म्हणून कोणाकडून छायाचित्र मागविताना ते व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे. तसे केल्यास फाइल मूळ स्वरूपात येते.

मोबाइलमधून पेन ड्राइव्हमध्ये

बाजारात दोन तोंडांचा पेन ड्राइव्ह मिळतो. त्याचे एक टोक मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेत बसते, तर दुसरे टीव्हीच्या यूएसबी खाचेत. खरेदीला जाताना आपला मोबाइल बरोबर न्यावा व टोक नीट बसते की नाही ते दुकानातच पाहावे. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह बहुतेक घरांना आरंभासाठी पुरेसा आहे. एक छायाचित्र चार एमबीचे धरले, तरी त्यात सात ते आठ हजार छायाचित्रे मावतात. शिवाय ६४ जीबी व त्याहून मोठे ड्राइव्ह आणि कार्डे अनेकदा ‘एक्सफॅट’ पद्धतीने तयार केलेली असतात आणि काही जुन्या टीव्हींना ती पद्धत वाचता येत नाही. ‘फॅट ३२’ पद्धतीचा ड्राइव्ह जवळजवळ सर्वत्र चालतो.

कृती साधी आहे. पेन ड्राइव्ह मोबाइलला जोडावा. मोबाइलमधील ‘फाइल्स’ वा ‘फाइल मॅनेजर’ उघडावे, ‘डीसीआयएम’मधील ‘कॅमेरा’ या फोल्डरात जावे, हवी ती छायाचित्रे निवडावीत आणि ‘कॉपी’ करून पेन ड्राइव्हमध्ये उतरवावीत. ‘मूव्ह’ निवडू नये. मध्येच जोडणी सुटली, तर छायाचित्र इकडचेही राहत नाही आणि तिकडचेही, अशी वेळ येऊ शकते. काम संपल्यावर ‘इजेक्ट’ करून मगच पेन ड्राइव्ह काढावा.

जुन्या कॅमेऱ्याचे कार्ड पडून असेल, तर मोबाइलला जोडता येणारा कार्ड रीडर घ्यावा व त्याच रीतीने छायाचित्रे उतरवून घ्यावीत. कार्डावरील छायाचित्रे चुकून पुसली गेली असतील, तर त्या कार्डावर नवे काहीही काढू नये. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा केवळ मोकळी समजली जाते. नव्या छायाचित्राने ती जागा व्यापली नाही, तोवर जाणकार दुकानदाराला ती परत मिळविता येण्याची शक्यता असते.

टीव्हीवर पाहताना

पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागील वा बाजूच्या यूएसबी खाचेत घालावा. रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबून ‘यूएसबी’ निवडावे, मग ‘फोटो’. ‘स्लाइड शो’ सुरू केला की छायाचित्रे आपोआप एकामागून एक येत राहतात. मोबाइलचा पडदा दृष्टी अधू झालेल्या आजी-आजोबांना लहान पडतो. टीव्हीवर मात्र तेच चेहरे त्यांना स्पष्ट दिसतात.

येथे दोन अडचणी येऊ शकतात. पहिली आयफोनबाबत. २०१७ पासून आयफोनमध्ये ‘एचईआयसी’ हा वेगळा प्रकार आला आणि अनेक टीव्ही तो दाखवीत नाहीत. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘कॅमेरा’, मग ‘फॉरमॅट्स’ येथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास पुढील छायाचित्रे जेपेग प्रकारची होतात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. काही टीव्हींना कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सोय असते आणि ते पेन ड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करू का, असे विचारतात. उत्तर नेहमी ‘नाही’ असेच द्यावे. ‘होय’ म्हटल्यास ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते.

ज्यांना छायाचित्रे सतत डोळ्यांसमोर हवीत, त्यांच्यासाठी डिजिटल फोटोफ्रेम आहे. तीत कार्ड वा पेन ड्राइव्ह घातला की ती टेबलावरील तसबिरीप्रमाणे, पण बदलती छायाचित्रे दाखविते. तथापि फ्रेममध्ये किंवा टीव्हीला लावून ठेवलेला ड्राइव्ह हा पाहण्यासाठी असतो. त्याला साठवण समजू नये.

एक प्रत म्हणजे साठवण नव्हे

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत छायाचित्र सूक्ष्म विद्युत्भारांच्या रूपाने कोंडून ठेवलेले असते. वर्षानुवर्षे वापर न होता ते कपाटात पडून राहिले, तर हा भार हळूहळू झिरपत जातो. पुष्कळदा वापरून झिजलेल्या वा उष्ण जागी ठेवलेल्या ड्राइव्हमध्ये हे लवकर घडते. काही ड्राइव्ह तर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात. सीडीवर छायाचित्रे घेऊन ठेवलेल्या कुटुंबांनीही त्या आता तपासून पाहाव्यात. घरात काही प्रती करून दिलेल्या सीडी कालांतराने वाचता येईनाशा होतात आणि त्या चालविणारी यंत्रेही घरांतून नाहीशी होत आहेत.

यावर छायाचित्रकारांनी रूढ केलेला एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्या घरात तो असा पाळता येईल. पहिली प्रत मोबाइलमध्ये, दुसरी घरच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि तिसरी लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या, भावाच्या वा विश्वासू नातलगाच्या घरी. तीही शक्य तर परगावी असावी.

‘दुसरी जागा’ हे शब्द आपल्याकडे हलके घेता येणार नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरातील असंख्य घरांत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथील कुटुंबांनी तेच अनुभवले. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, पण भिजून लगदा झालेला आल्बम पुन्हा मिळत नाही. आल्बम आणि पेन ड्राइव्ह एकाच कपाटाच्या तळाशी असतील, तर पाणी दोहोंपर्यंत एकाच वेळी पोहोचते.

इंटरनेटवरील साठवणही या तिसऱ्या प्रतीचे काम करू शकते. गुगल खात्याबरोबर १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. मात्र तीत ईमेलही मोजला जातो आणि १ जून २०२१ पासून तेथे चढविलेली छायाचित्रेही या मर्यादेत धरली जातात. शिवाय ‘गुगल फोटोज’मध्ये जोडलेल्या मोबाइलवरून छायाचित्र पुसले, तर ते इंटरनेटवरूनही पुसले जाते. कचऱ्याच्या डब्यात ते साठ दिवस राहते, त्यानंतर कायमचे जाते. दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करण्याचा अधिकारही कंपनी राखून ठेवते. म्हणून या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा, पण सर्वस्वी तिच्यावर विसंबू नये.

किल्ली कोणाकडे?

पूर्वी आल्बमच्या कपाटाची किल्ली कोठे असते, हे घरात सर्वांना ठाऊक असे. आजची किल्ली म्हणजे मोबाइलचा आकडा वा बोटाचा ठसा. घरातील कर्ता माणूस अकस्मात गेला, तर त्याच्या मोबाइलमधील छायाचित्रे पत्नी-मुलांना डोळ्यांसमोर असूनही पाहता येत नाहीत. चांगल्या मोबाइलचे कुलूप दुकानदारालाही उघडता येत नाही, आणि पुसून नव्याने सुरू केलेल्या मोबाइलमध्ये छायाचित्रे उरत नाहीत. हे दुःख टाळता येण्याजोगे आहे. मोबाइलचा आकडा व खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून, बंद लिफाफ्यात, घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा आणि तो तेथे आहे हे पती वा पत्नीला सांगावे. गुगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशी सोय आहे. आपल्या पश्चात खाते कोणाला पाहता यावे, हे तेथे आधीच नोंदविता येते.

निवड, नावे आणि कागद

पाच हजार छायाचित्रांचा ढीग कोणीही पाहत नाही. वर्षातून एकदा, सोयीच्या दिवशी, सर्वांनी टीव्हीसमोर बसून त्या वर्षातील शंभर छायाचित्रे निवडावीत. प्रत्येक वर्षाचे वेगळे फोल्डर करावे व त्यास ‘२०२४ लग्न’, ‘२०२४ सण’ अशी साधी नावे द्यावीत. त्याच दिवशी दुसऱ्या घरचा पेन ड्राइव्हही आणवून त्यात नवी छायाचित्रे भरावीत. दोन्ही ड्राइव्ह उघडतात की नाही, हेही तेव्हाच कळते. पेन ड्राइव्हमधील प्रत टीव्हीवर उघडून पाहिल्याखेरीज मोबाइलमधील मूळ छायाचित्र पुसू नये, हा नियम घरात सर्वांनी पाळावा.

निवडलेल्यांपैकी वीस-पंचवीस छायाचित्रे दुकानातून कागदावर छापून घ्यावीत. पेन ड्राइव्ह दिला की दुकानदार ती थेट छापून देतो. चिकट पानांचे आल्बम वापरू नयेत. त्यांचा गोंद काही वर्षांनी छायाचित्रास डाग पाडतो व मग ते पानावरून सुटत नाही. कागदी कोपरे वा खिसे असलेला आल्बम बरा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने, आणि कागद गुळगुळीत असल्यास आल्बमच्या पानावर, नावे, गाव व वर्ष लिहावे. कागदावरील छायाचित्राला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि ते पाहण्याचे यंत्र कधी जुने होत नाही.

नावे लिहिण्याचे काम मात्र लांबणीवर टाकू नये. जुन्या समूहछायाचित्रात मागच्या रांगेत उभा असलेला तरुण कोण, हे कदाचित घरातील एकाच वृद्ध व्यक्तीला ठाऊक असते. छायाचित्राच्या प्रती कितीही करता येतील, पण ते नाव तिच्याबरोबर गेले की कोणत्याही पेन ड्राइव्हमधून परत मिळणार नाही. आमची वाचकांना विनंती आहे की येत्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवरील मालिका तासभर बाजूस ठेवावी, आजी-आजोबांना समोर बसवून जुनी छायाचित्रे लावावीत आणि घरातील एका मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्यावी.