‘२००’ या अंकाचा अर्थ : टर्बो-एंजिन आणि नामार्थाचे परिवर्तन

प्राचीन शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक व रूढ असे भेद केले आहेत. घटकांवरून ज्याचा अर्थ उलगडतो तो यौगिक. केवळ वहिवाटीने ज्याचा अर्थ ठरतो तो रूढ. ‘तेल’ हा शब्द मूळचा तिळाशी निगडित. परंतु ट्रॉम्बेनजीक माहुल येथे १९५४ व १९५५ साली जे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, तेथील खनिज द्रवालाही मराठी भाषक निःशंकपणे तेलच म्हणतो. अशा कारखान्यांतून निघणाऱ्या पेट्रोलवर ज्या मोटारी चालतात, त्यांच्या नावांतही असेच अर्थपरिवर्तन घडलेले आहे. लहान बांध्याच्या पण उंची दर्जाच्या, ‘क्रॉसओव्हर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारींत ते विशेष स्पष्ट दिसते.

मोटारीच्या पाठीवरील अंक पूर्वी यौगिक होता. १९५६ साली आलेल्या ‘मर्सिडीज-बेंझ १९०’ या गाडीच्या एंजिनाची घनक्षमता १८९७ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १.९ लिटर होती. सर्व सिलिंडरांत मिळून दट्ट्या जितकी जागा व्यापतो ती घनक्षमता. तिचा निर्देश करणारा अंक वाचला की एंजिनाचे आकारमान कळे, व त्यावरून शक्तीचाही अंदाज बांधता येई. त्या एंजिनाची शक्ती ७५ अश्वशक्ती होती.

हा अंदाज सामान्यतः खरा ठरे, याचे कारण हवेत आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सिलिंडरात अधिक पेट्रोल सोडणे अवघड नसते. अधिक हवा शिरवणे अवघड असते. साध्या एंजिनात हवा वातावरणाच्या दाबानेच आत येते, म्हणून अधिक शक्तीसाठी मोठी घनक्षमता हा सरळ मार्ग होता. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली निराळ्या मार्गाचे पेटंट घेतले. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरवावयाचे, आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावयाची. या योजनेचे आजचे नाव टर्बोचार्जर. लॅटिन ‘टर्बो’ म्हणजे भोवरा किंवा वावटळ. ट्रॉम्बेचे जुने मराठी नाव ‘तुर्भे’. त्याचे या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे.

हवा दाबून भरता येऊ लागल्यावर घनक्षमता व शक्ती यांचा पूर्वीचा संबंध तुटला. ‘मर्सिडीज-बेंझ जीएलए २००’ हे याचे बोलके उदाहरण. २०१४ साली भारतात आलेल्या पहिल्या पिढीतील पेट्रोल गाडीची घनक्षमता १९९१ घन सेंटिमीटर होती. युरोपात त्याच नावाच्या गाडीची १५९५. पुण्याजवळ चाकण येथे जुळणी होऊन २०२१ साली विक्रीस आलेल्या दुसऱ्या पिढीत ती १३३२ झाली. तिन्ही एंजिने चार सिलिंडरांची व टर्बोयुक्त. तिन्हींच्या नावात अंक ‘२००’. या शेवटच्या एंजिनाची शक्ती १६३ अश्वशक्ती, म्हणजे १९५६ मधील मोठ्या एंजिनाच्या दुपटीहून अधिक. ‘२००’ आता दोन लिटर सांगत नाही. मालिकेतील पायरी तेवढी सांगतो. तो रूढ झाला आहे.

ऑडीने २०१७ साली जाहीर केलेल्या पद्धतीत अंकाचा अर्थ नव्याने बांधला : ‘४०’ म्हणजे १२५ ते १५० किलोवॉट शक्ती. छत्रपती संभाजीनगर येथे जुळणी होणाऱ्या, २०२२ साली भारतात आलेल्या क्यू३ गाडीचे एंजिन १९८४ घन सेंटिमीटरचे व १४० किलोवॉटचे. म्हणून ते ‘४०’. अंकाने घनक्षमतेचा आधार सोडून शक्तीच्या श्रेणीचा धरला.

गाडीच्या पुनर्रचनेशीही या एंजिनाचा निकट संबंध आहे. चार सिलिंडरांचे आखूड एंजिन बॉनेटखाली आडवे बसते, आणि लांबी न वाढवता प्रवाशांना जागा देता येते. दुसऱ्या पिढीतील जीएलए पहिलीपेक्षा दहा सेंटिमीटरांहून अधिक उंच, तरी सुमारे दीड सेंटिमीटर आखूड आहे. दाबलेली हवा तापते. तिला थंड करण्यासाठी निराळा शीतक लागतो व त्याकडे वारा पोहोचविण्याची सोय गाडीच्या दर्शनी भागात करावी लागते. जे वरकरणी केवळ सुशोभन वाटते, त्यातील काही भाग असा निकडीचा असतो.

या लाभाला मर्यादा आहेत. हवा फार तापली तर इंधन अकाली पेटून सिलिंडरात ठोके बसतात व एंजिनाची हानी होते. ती टाळण्याचा पेट्रोलचा गुण ऑक्टेन अंकाने मोजतात. म्हणजे टर्बो-एंजिनाची शक्ती केवळ चाकणच्या किंवा जर्मनीच्या कारखान्यात ठरत नाही; शुद्धीकरण कारखान्यात पेट्रोलला कोणता गुण लाभतो, यावरही ती अवलंबून राहते. शिवाय छोटे एंजिन हलक्या भारावर इंधन वाचवते. पूर्ण जोर मागितला की ती बचत बरीचशी नाहीशी होते.

तेव्हा नामफलकावरील अंकाला व्याख्येचा मान देता येत नाही. घनक्षमता नोंदणीपत्रात पाहावी, शक्ती व टॉर्क निर्मात्याच्या तपशिलात पाहावे, आणि तिन्ही एकत्र वाचावीत. ‘तेल’ शब्दातून तीळ गेला म्हणून कोणाची फसगत झाली नाही, कारण तेलासमोर उभा असलेला मनुष्य ते डोळ्यांनी पाहतो. एंजिन मात्र झाकणाखाली असते आणि ग्राहकासमोर फक्त अंक असतो. अर्थ निघून गेल्यावरही चिन्ह पूर्वीच्याच अधिकाराने बोलत राहते. रूढ अंकाला यौगिक समजण्याची चूक होते ती येथेच.